पहिल्या नसेचा दाखला

सान कासिआनो,
९ जानेवारी १९९०

एफ्राईन,

प्रिय-बिय लिहीत नाही, डोकं ठिकाणावर नाही. माझ्या नाकावर संशय! माझ्या! एकतीस वर्षं या टेबलावर कॉफी चाखतेय मी. आणि काल तो तुलियो, ज्याच्या शर्टाची बटणं मी शाळेच्या दारात नीट लावून दिलीत, तो मॅनेजरच्या खुर्चीत रेलून मला म्हणतो, "ओतिलियाबाई, वय झालं की होतं असं." अठ्ठेचाळीस म्हणजे काय वय झालं रे मेल्या?

झालं ते सांगते. डिसेंबरातला एकशेचौदा नंबरचा माल सान होसेच्या खरेदीदारानं परत पाठवला. म्हणे सडक्या दाण्याचा वास मारतोय. तुला ठाऊक आहे, असला एक दाणा पेल्यात आला तरी अख्खा पेला नासतो. त्या मालाचे तीन पेले मी मांडले, तिन्ही चाखले, तिन्ही पास केले. कागदावर सही माझीच आहे, नाही कुठे म्हणते मी? पण मध्ये गोदाम आहे, ट्रक आहे, ओली पोती आहेत. ते कुणी तपासायला नको. तपासायची ती माझी नाकपुडी!

आमच्या कॉफी सहकारी संस्थेच्या कमिटीनं फर्मान काढलंय. महिनाअखेर डॉक्टरचा दाखला आण, नाक-जीभ शाबूत असल्याचा. नाहीतर टेबल सोड आणि दाणे निवडायला पट्ट्यावर बस. पट्ट्यावर बसण्यापेक्षा मी घरी बसून भिंतीकडे बघेन.

डॉक्टरकी शिकताना माझ्या ओट्यावर बसून तू कवटीची चित्रं रंगवायचास, बारा नसा बारा रंगांत. माझ्या चादरीवर अजून तो जांभळा डाग आहे. आता त्या नसा कामाला लाव. रविवारी ये. केळीच्या पानातले मक्याचे तमाल करते.

तुझी आत्या,
ओतिलिया


सान होसे,
१५ जानेवारी १९९०

प्रिय आत्या,

सोबत दाखला. शिक्का ठळक उमटलाय, तुलियोला चष्म्याशिवाय दिसेल.

रविवारी काय काय तपासलं ते मुद्दाम लिहितो, कमिटीत कुणी शहाणपणा केला तर तोंडावर फेकता येईल. कॅलेंडर वाचायला लावलं, तू तारखा तर वाचल्यासच, वर संतांची नावंही. बोटामागे डोळे फिरवलेस. गालाला टाचणी लावली तेव्हा मला दिलेली शिवी दाखल्यात लिहिलेली नाही. भुवया उचलल्यास, गाल फुगवलेस, कानाशी तो वाजणारा चिमटा धरला तर म्हणालीस, "चर्चची घंटा बरी." आ केलंस, खांदे उडवलेस, आणि जीभ बाहेर काढलीस ती गरजेपेक्षा जास्त वेळ. मीठ, साखर, लिंबू, तिन्ही चवी अचूक. नाकाखाली स्पिरिटचा बोळा धरला तर कुणी झिंज्या धरून ओढावं तशी मागे सरलीस.

तेव्हा मी लिहिलंय: कवटीतले बाराच्या बारा मज्जातंतू निर्दोष. आमच्या वॉर्डात केसपेपरवर सगळे "दोन ते बारा निर्दोष" एवढंच लिहितात, पहिल्याला, वासाच्या मज्जातंतूला, कोण विचारतो! तुझ्यासाठी पहिलासुद्धा तपासला. आता शांत हो. तमाल झक्कास होते, फक्त मीठ जरा जास्त पडलं होतं.

तुझा,
एफ्राईन


सान कासिआनो,
४ फेब्रुवारी

एफ्राईन,

तुझ्या दाखल्यानं काम केलं. तुलियोनं तो दोनदा वाचला, मान डोलावली, आणि म्हणाला, "म्हणजे चाखणाऱ्याचा दोष नाही. मग भाजणाऱ्याचा." आणि बेलार्मिनोला काढून टाकलं.

कळतंय का तुला? बेलार्मिनोला! नमुने भाजायला बावीस वर्षं बाजूच्या खोलीत उभा आहे तो माणूस. भट्टीच्या धगीनं त्याच्या भुवया कधी धड उगवल्या नाहीत. म्हणे, यानं नमुना जास्त भाजला म्हणून करपटपणात सडका वास लपला. कमिटीनं हात वर केले आणि झालं. त्यानं टोपी उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला. तेव्हापासून तुलियोचं थोबाड दिसलं की मला काहीतरी फेकावंसं वाटतं. काल पेला फेकलाही. हल्ली हात फार लवकर उचलला जातो माझा.

बाकी ठीक. टेबलावरचा बल्ब तीनदा बदलला, उजेडच पडत नाही नीट. हल्लीचे बल्बच हलके. आणि चाखायच्या खोलीची चौकट कुणी अरुंद केली देव जाणे, उजवा खांदा रोज आपटतो. सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकतं, पण संतापानं ठणकणारच. आता नव्या पोरीनं भाजलेलं चाखायचं, तिला हलका भाजलेला आणि कच्चा यातला फरक कळत नाही.

आत्या


सान होसे,
९ फेब्रुवारी

आत्या,

बेलार्मिनोचं वाचून वाईट वाटलं. पण ते नंतर.

तू बल्बचं काय लिहिलंयस? चौकट अरुंद होत नसते. हे पत्र हातात पडेल तिथेच, उभ्या उभ्या, एक काम कर. डावा डोळा हातानं झाक आणि उजव्यानं एकट्यानं कॅलेंडर वाच. मग उलट कर. काय दिसतं ते मला लिही. पळवाट नको, "संतापानं" नको, जे दिसतं ते. सकाळच्या डोकेदुखीत उलटीसारखं होतं का तेही.

मी तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं होतं. डोळ्याच्या आत बघायचं यंत्र त्या दिवशी सान होसेतच राहिलं होतं. घरचं माणूस म्हणून चालवून घेतलं.

एफ्राईन


सान कासिआनो,
२० फेब्रुवारी

एफ्राईन,

डावा झाकला तर कॅलेंडर गेलं. भिंत आहे, तिच्यावर काहीतरी पांढरट आहे. संत नाहीत, तारखा नाहीत. उजवा झाकला तर सगळं आहे. उलटी दोनदा झाली. घे, हवं होतं ना तुला खरं?

मग आता सगळंच खरं घे. तुझ्यावर मी फार चिडलेय, आणि स्वतःवर त्याहून जास्त, पण आधी तुझी पाळी.

माझी उजवी नाकपुडी मागच्या वर्षीच्या सुरुवातीपासून मेलीय. एक दिवस संत्र्याची साल सोलत होते, डावीकडे संत्रं, उजवीकडे काहीच नाही. कुणाला सांगितलं नाही. जीभ आंबट, गोड, कडू सांगते, बाकीची सगळी कॉफी नाकातच असते. डावी होती ना! डावीवर काढलं वर्ष. एकशेचौदाच्या दिवशी मला सर्दी होती आणि डावी चोंदली होती. नमुना आणून ठेवताना बेलार्मिनो म्हणाला, "ओतिलिया, याला भाजतानाच घाण वास सुटला गं, नीट बघ." मी म्हटलं, "तू भाजायचं बघ, चाखायचं मी बघते." आणि सही केली. हे त्यानं कमिटीपुढे सांगितलं नाही. एका शब्दानं सांगितलं नाही एफ्राईन, आणि त्याची नोकरी गेली, आणि मी तुझा दाखला हातात धरून नुसती उभी होते.

आता तुझं. स्पिरिट धरलंस तू माझ्या नाकाशी. स्पिरिट! अरे, ते झोंबतं. ज्याला काडीचा वास येत नाही तोही मागे सरेल, डोळ्यांत पाणी येईल त्याच्या. झोंबणं म्हणजे वास नव्हे, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. भाजताना धूर नाकात झोंबला म्हणून कॉफी चांगली म्हणतं का कुणी? आणि दोन्ही नाकपुड्या एकदम! मी एका मालाचे तीन पेले वेगवेगळे का मांडते? तिन्ही एका भांड्यात ओतून एकदाच का चाखत नाही? कारण दोन चांगले पेले तिसऱ्याचं पाप झाकतात. डोळे एकदम, नाकपुड्या एकदम. सात वर्षं काय शिकवलं तुम्हाला तिथे? पेल्यांवर आम्ही नाव लावत नाही, नुसता नंबर लावतो, की हा अमक्याच्या मळ्यातला म्हणून मन फिरू नये. तू तर आधीच ठरवून आला होतास की आत्या ठीक आहे.

तू बोळा धरलास तेव्हाच मला कळलं होतं की ही तपासणी खोटी आहे. मागे सरले आणि गप्प बसले, कारण मला दाखला हवा होता. त्याला काय म्हणायचं ते म्हण.

ओतिलिया


सान होसे,
१ मार्च

आत्या,

म्हणतो की! फसवलंस तू मला. माझी सही, माझा शिक्का वापरलास. माहीत होतं आणि तोंड मिटून बसलीस! आई गेल्यावर मला तूच सांगितलं होतंस ना, की डॉक्टरपासून लपवू नये म्हणून, आई लपवत राहिली म्हणून गेली ती? मग? वर्षभर? तुला माझ्यासमोर बसवून हलवावंसं वाटतंय.

आणि तू म्हणालीस ते सगळं खरं आहे. स्पिरिट झोंबतं ते पाचव्या नसेला, चेहऱ्याच्या नसेला. पहिल्या नसेशी त्याचा संबंध नाही. हे मी परीक्षेत लिहिलंय, पूर्ण मार्क मिळालेत. मग तसं का केलं? कारण वॉर्डात सगळे तसंच करतात, केलंच कधी तर. बोळा हाताशी असतो. कॉफी आणायला स्वयंपाकघरात कोण जातो? काल मी आमच्या वॉर्डातले सगळे केसपेपर काढून पाहिले. "दोन ते बारा", "दोन ते बारा". एकाही माणसाचं नाक कुणी हुंगून पाहिलेलं नाही.

आता नीट वाच. उजव्या बाजूचा वास, मग उजवा डोळा, सकाळची डोकेदुखी, उलटी, आणि हा तुझा पेले फेकणारा राग. मोठ्या डॉक्टरांनाही सांगितलं. बहुधा कपाळामागे, नाकाच्या बरोबर वर, कवटीच्या तळाशी गाठ आहे. असल्या गाठी बहुतेक साध्या असतात, पण जागा अडवतात. फोटो काढल्यावर नक्की सांगता येईल. उजव्या डोळ्याचं मी वचन देत नाही. उशीर केलास तर डावाही जाईल. आणि हेही आत्ताच सांगतो, नंतर म्हणशील लपवलं: गाठ काढताना डाव्या बाजूची वासाची नसही बहुतेक जाते.

पुढल्या बुधवारी ये. खाट धरून ठेवलीय.

कमिटीचं असं करतो. "जानेवारीत तपासणी निर्दोष होती, आजार त्यानंतर उद्भवला," असं पत्र कमिटीला देतो. म्हणजे डिसेंबरातल्या मालाचा विषय कुणी पुन्हा उकरणार नाही. तुझी अब्रू राहील, माझंही इथे शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे. कुणाचंच नुकसान नाही.

एफ्राईन


सान कासिआनो,
६ मार्च

कुणाचंच?

बेलार्मिनो कुणीच नाही का रे? तुझ्या त्या पत्रानं माझी अब्रू राहते, तुझी परीक्षा राहते, आणि तो मात्र नमुना करपवणारा ठरतो तो ठरतोच. सध्या त्याला कुठेच घेत नाहीत. भावाच्या गोठ्यात दूध काढतो. ज्या नाकानं तो सडका दाणा मला आधी सांगितला, ते नाक गाईच्या शेणात घालून बसलाय.

काल मी त्याच्याकडे गेले. माफी मागायला गेले होते आणि उलट भांडून आले. म्हटलं, "तू कमिटीत बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "तुला टेबलावरून उठवायचं माझ्या तोंडून नको होतं." असा राग आला मला त्याचा! असलं चांगुलपण माझ्या अंगावर कशाला टाकतोस म्हटलं. त्याच्या वहिनीनं मध्ये पडून गुळपाणी दिलं तेव्हा कुठे भांडण थांबलं.

तुझी खाट राहू दे. मी शुक्रवारी संध्याकाळी कमिटीपुढे उभी राहणार आणि सगळं सांगणार. पण माझ्या तोंडावर विश्वास कोण ठेवेल? तुलियो म्हणेल, म्हातारी आजारी आहे, डोक्यात गाठ आहे, मित्राला वाचवायला बघतेय. शिक्का मारलेला कागद त्याच्याकडे आहे, तुझ्या सहीचा. तो कागद फक्त तूच फाडू शकतोस. तू लिहून दे: मी पहिली नस तपासलीच नाही. "नंतर उद्भवला" वगैरे फिरवाफिरव नको. तपासली नाही आणि तपासली असं लिहिलं, एवढंच.

ते पत्र आल्याशिवाय मी बसमध्ये पाय ठेवणार नाही. डोळा जायचा तर जाऊ दे. कार्तागोच्या देवमातेची शपथ. आणि मला घ्यायला इकडे येऊ नकोस. आलास तर दार उघडणार नाही.

हात नीट चालत नाही म्हणून अक्षर असं आलंय. वाचता येत नसेल तर दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून वाच.

ओतिलिया


सान होसे,
९ मार्च, दुपारी

आत्या,

हे बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, टपालाचा भरवसा नाही. सोबत कमिटीला लिहिलेलं पत्र. मूळ प्रत तुलियोच्या नावानं वेगळी गेलीय. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं लिहायची पद्धत नाही, कारकीर्दीची वाट लागेल तुझी. मी म्हटलं, वाट आत्याच्या डोळ्याची लागतेय. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलेलं नाही.

पत्रात लिहिलंय ते असं:

"१५ जानेवारीच्या दाखल्यात मी श्रीमती ओतिलिया यांची पहिली, म्हणजे वासाची नस निर्दोष असल्याचं लिहिलं. ते खोटं आहे. मी ती नस तपासली नव्हती. जे केलं त्याला तपासणी म्हणता येत नाही. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या तपासल्या असत्या तर दोष त्याच दिवशी सापडला असता. या दाखल्याच्या आधारावर दुसऱ्या कुणाला दोषी धरलं असेल तर तो निर्णय माझ्या चुकीवर उभा आहे. दाखला रद्द समजावा."

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू स्वतःचा डोळा ओलीस ठेवलास आणि मला हे लिहायला लावलंस. नसतं लिहायला लावलंस तर मी लिहिलं नसतं, याचा राग त्याहून मोठा आहे.

आता बस पकड. उद्याची, सहाची. मी थांब्यावर आहे.

एफ्राईन


सान कासिआनो,
३ जून १९९०

प्रिय एफ्राईन,

अक्षर बेलार्मिनोचं आहे, बोलतेय मी. गाठ काढल्यावर डाव्या डोळ्यानं दिसतं, पण तो लवकर थकतो. (ती बोलत नाहीये, ओरडतेय. बेलार्मिनो.) तुला मध्येच लिहायला कुणी सांगितलं? गप लिही.

कमिटीनं त्याला परत घेतलं. तुलियोनं तुझं पत्र स्वतः वाचून दाखवलं. वाचताना मान वर केली नाही, तेवढं त्याच्या बाजूनं धरते. मग टेबलावर कोण बसणार हा प्रश्न आला. मी म्हटलं, ज्यानं एकशेचौदा भाजतानाच ओळखला तो बसेल, दुसरं कोण? बेलार्मिनो नाही नाही म्हणत होता. मी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवला. चमच्यातून कॉफी ओढताना अजून लाजतो. भुरका कसा जोरात हवा, शेजारच्या खोलीत ऐकू गेला पाहिजे! मी मागे उभी राहून पेले मांडते, नंबर लावते, आणि त्यानं घाई केली की ओरडते. उजवीकडून कुणी आलं तर मला दिसत नाही, म्हणून सगळे आता डावीकडून येतात. तुलियोसुद्धा.

तू विचारलंस, नाकाचं काय. तू लिहिलं होतंस तेच. दोन्ही बाजूंना काही नाही. सकाळी कॉफी करते, घड्याळ बघून. एकदा उतू जाऊन जळली तेव्हा बेलार्मिनोच्या वहिनीनं धावत येऊन सांगितलं. मी तिथेच उभी होते चुलीपाशी. रागही आला नाही मला, इतकी वेळ खराब.

पण तुझ्यावर राग अजून यायला लागला की येतो, आणि येऊ दे. ऐकलं मी, वॉर्डात तुला "नाकवाला" म्हणून चिडवतात, आणि मोठे डॉक्टर अजून बोलत नाहीत. चिडवू देत. या पार्सलात तीन डबे आहेत, घट्ट झाकणाचे. एकात ताजी दळलेली कॉफी, एकात लवंग, एकात वाळवलेली संत्र्याची साल. कुठल्या डब्यात काय ते वर लिहिलेलं नाही, एक, दोन, तीन एवढेच आकडे. वॉर्डात ठेव. माणसाला डोळे मिटायला सांग. एक नाकपुडी बोटानं बंद, दुसऱ्या नाकपुडीशी डबा धर. मग उलट. आणि कुणी स्पिरिटचा बोळा काढला तर त्याच्या हातावर फटका मार, माझ्या नावानं. वास उडाला की डबे परत पाठव, आम्ही नवे भरून देऊ. दर सुगीला देऊ.

आकड्यांची यादी बेलार्मिनोनं वेगळ्या चिठ्ठीत घडी करून घातलीय. डबे त्यानंच भरले, झाकणंही त्यानंच लावली. मी लावायला घेतली होती, पण डोळे मिटून तिन्ही डबे नाकाशी धरून पाहिले आणि कुठला कुठला ते मला सांगता येईना.

तुझी आत्या,
ओतिलिया